नावनिशी: रोमन सुभेदार माणसं कशासाठी मोजत होते

नाताळच्या मिस्सात लूकच्या शुभवर्तमानातला एक उतारा हमखास वाचला जातो. कैसर ऑगस्टसचा हुकूम सुटतो, सगळ्या जगाची नावनिशी लिहायची असते, सीरियाचा सुभेदार क्विरीनियस असतो आणि योसेफ गरोदर मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघतो. वसईत, गोव्यात ही गोष्ट लहान मुलांनाही पाठ असते. त्यामुळे रोमन शिरगणती म्हटली की डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं: रोममध्ये बसलेला सम्राट हुकूम काढतो आणि सगळं जग एकाच वेळी आपापल्या मूळ गावाकडे चालू लागतं.

साम्राज्यभर एका दमात अशी गणती झाल्याचा दुसरा कुठलाही पुरावा नाही. जे पुरावे आहेत ते निराळंच काही सांगतात, आणि मला ते जास्त मोलाचे वाटतात. रोमची गणती प्रांताप्रांतानं होत असे. प्रत्येक प्रांताचं वेळापत्रक वेगळं, अर्जाचा नमुना वेगळा, कराची वयोमर्यादासुद्धा वेगळी. ती घडवून आणायची जबाबदारी तिथल्या सुभेदारावर. ही गणती लोकसंख्या कळावी म्हणून नव्हती. कोणाकडून किती वसूल करता येईल, हे ठरवण्यासाठी ती होती.

इथे आधी एक घोळ मिटवायला हवा, कारण इतिहासाच्या पुस्तकांतही दोन वेगळ्या गणत्यांची सरमिसळ होते. एक गणती होती रोमन नागरिकांची. ती फार जुनी. सेन्सर नावाचे दोन वरिष्ठ अधिकारी साधारण दर पाच वर्षांनी नागरिकांची नावं आणि मालमत्ता नोंदवत, त्यावरून कोण सैन्यात कुठे उभा राहणार आणि मतदानात कुठल्या वर्गात बसणार हे ठरत असे. शेवटी डुक्कर, मेंढा आणि बैल यांचा बळी देऊन शुद्धीचा विधी व्हायचा. ऑगस्टसनं आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्यात अशा तीन गणत्यांचे आकडे आहेत: इ.स.पू. 28 मध्ये 40,63,000 नागरिक, इ.स.पू. 8 मध्ये 42,33,000 आणि इ.स. 14 मध्ये 49,37,000. तुर्कस्तानातल्या अंकारा शहरात एका देवळाच्या भिंतीवर हा मजकूर आजही वाचता येतो. पण हे झाले फक्त नागरिक. गॉलचा (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूचा) शेतकरी, सीरियाचा विणकर, इजिप्तचा मजूर यांचा या आकड्यांशी काही संबंध नव्हता. नागरिकांची ही गणती शेवटची झाली ती सम्राट वेस्पासियन आणि त्याचा मुलगा टायटस यांनी, इ.स. 73-74 मध्ये.

जिंकलेल्या प्रांतांची नावनिशी ही दुसरी गणती. या लेखात मला सांगायचं आहे ते हिच्याबद्दल.

सुभेदार म्हणजे तरी कोण? आशिया, आफ्रिका (हे खंड नव्हेत, त्या नावांचे रोमन प्रांत) यांसारखे जुने, शांत प्रांत सिनेटच्या, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेच्या, वाट्याचे. तिथे सिनेटचा ज्येष्ठ सदस्य साधारण एका वर्षासाठी जायचा. सीरियासारखे फौजेचे प्रांत सम्राटानं आपल्याकडे ठेवले होते. तिथे त्याच्या मर्जीतला अनुभवी सेनानी नेमला जाई आणि सम्राटाला वाटेल तितकी वर्षं राही. इजिप्तमध्ये मात्र सिनेटच्या माणसाला पाऊलही ठेवू देत नसत. रोमचं धान्य तिथून यायचं, म्हणून त्या प्रांतावर सिनेटच्या घराण्यांखालोखालच्या, अश्वारोही म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातला विश्वासू माणूस बसवला जाई. यहूदियासारख्या छोट्या प्रांतावरही याच वर्गातला अधिकारी असे.

या सगळ्यांच्या हाताखाली माणसं आश्चर्य वाटावं इतकी थोडी असत. सोबत आणलेले काही मित्र, फौजेतून कारकुनीला घेतलेले शिपाई, काही गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम, एवढ्यावर अख्खा प्रांत चालवायचा. साहजिकच गणतीचं खरं काम स्थानिक शहरं आणि गावकरी करत. सुभेदार तारीख ठरवे, हुकूम काढे आणि तक्रारी ऐके. आकडा किती खरा उतरायचा हे स्थानिक पुढाऱ्यांच्या हातात राहायचं, आणि खाबुगिरीला वावही तिथेच मिळायचा.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण सिसिलीचं आहे. इ.स.पू. 73 ते 71 या काळात व्हेरेस नावाचा सुभेदार तिथे होता. सिसिलीत दर पाच वर्षांनी प्रत्येक शहर आपले दोन गणती-अधिकारी निवडायचं आणि ते प्रत्येकाच्या मालमत्तेची किंमत ठरवायचे. व्हेरेसनं ही निवड आपल्याकडे घेतली आणि पदं विकायला काढली. सिसेरोनं इ.स.पू. 70 मध्ये त्याच्यावर खटला भरला, त्यात हा सगळा हिशेब आहे. एकूण 130 गणती-अधिकारी नेमले गेले आणि व्हेरेसच्या पुतळ्यासाठी म्हणून प्रत्येकाकडून 300 दिनार घेतले गेले, म्हणजे 39,000 दिनार. पद विकत घेतलेल्यांनी पैसा कुठून काढला असेल? श्रीमंतांनी लाच देऊन आपली मालमत्ता कमी दाखवली आणि बोजा गरिबांच्या माथी आला. त्याच्या जागी आलेल्या मेटेलसनं ही गणती रद्दच केली आणि व्हेरेसच्या आधीच्या एका सुभेदाराच्या वेळची नोंद प्रमाण मानायचा आदेश काढला. सिसेरो वकील होता, रंगवून बोलणारा होता, हे धरूनही मला यात एक गोष्ट पक्की दिसते. गणती खोटी झाली तर तिचं नुकसान पाच-पाच वर्षं भोगावं लागतं, हे सिसिलीच्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

आता अर्जात काय काय विचारत, ते बघू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उल्पियन नावाच्या कायदेपंडितानं याची यादी लिहून ठेवली. शेताचं नाव. ते कुठल्या शहराच्या आणि कुठल्या मुलखाच्या हद्दीत आहे. सर्वांत जवळचे दोन शेजारी कोण. येत्या दहा वर्षांत नांगराखाली राहील अशी जमीन किती. द्राक्षवेली किती. ऑलिव्हची झाडं किती आणि ती किती जमिनीवर. गवताचं कुरण, चराऊ रान, तोडीचं जंगल. मासळीची तळी असतील तर ती, मिठागरं असतील तर ती. गुलामांच्या बाबतीत प्रत्येकाचा देश, वय, काम आणि अंगची कारागिरी. ज्यांनी कधी सातबारा उतारा हातात धरलाय, पीकपाणी आणि झाडांच्या नोंदी वाचल्यात, खरेदीखतात चतुःसीमा लिहिलीय, त्यांना ही यादी मुळीच परकी वाटणार नाही. उल्पियन पुढे असंही म्हणतो की वेली वाळून गेल्या असतील किंवा झाडं मेली असतील, तर गणती-अधिकाऱ्यानं ती करातून वगळायला हवीत. मात्र मालकानं स्वतःच झाडं तोडली असतील, तर त्याला तसं करण्याचं सबळ कारण द्यावं लागेल. म्हणजे कर चुकवण्यासाठी लोक बागा तोडत होते आणि ते रोमला कळत होतं.

सीरियात पुरुषांना 14 व्या आणि स्त्रियांना 12 व्या वर्षापासून डोईपट्टी लागू होती, दोघांनाही वयाच्या 65 पर्यंत, असंही तोच सांगतो. म्हणून वयाची नोंद इतकी महत्त्वाची.

हा अर्ज भरणारी एक बाई आपल्याला नावानिशी माहीत आहे. तिचं नाव बाबथा, सिमोनची मुलगी. मृत समुद्राच्या दक्षिण टोकाशी माओझा नावाचं गाव होतं. तिथे तिच्या खजुराच्या बागा होत्या. हा मुलूख आधी नबातियन राजांचा, पण इ.स. 106 मध्ये सम्राट त्राजाननं तो खालसा करून अरेबिया हा प्रांत केला. पुढे सुभेदार टायटस अनिनियस सेक्स्टियस फ्लोरेन्टिनस यानं प्रांताची गणती लावली आणि इ.स. 127 च्या डिसेंबरात बाबथा रब्बथ-मोआबला गेली. तिथे तिनं आपल्या चार बागांची नोंद करून दिली.

तो दस्तऐवज मी भाषांतरात पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि दर वेळी त्याच्या बारकाव्यानं थक्क होतो. प्रत्येक बागेला नाव आहे. एका बागेचं नाव अल्गिफियाम्मा. तिचं क्षेत्रफळ एकर-बिघ्यात सांगितलेलं नाही, तिथे किती जव पेरता येतील त्यावरून सांगितलं आहे: एक साटोन तीन काब (साटोन, अनेकवचनी साटा, आणि काब ही तिथली धान्याची मापं). कर खजुराच्या रूपात, सीरियन आणि मिश्र जातीचे पंधरा साटा आणि फुटके खजूर दहा साटा. वर राजमुकुटाचा म्हणून थोडा रोख कर. आणि सीमा: एक रस्ता आणि समुद्र. आणखी एका बागेच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा करात जातो आणि तिच्या शेजारी खुद्द सम्राटाची जमीन आहे. शेवटी बाबथा शपथ घेते की वर लिहिलंय ते सगळं मी खरं खरं नोंदवलं आहे. शपथ सीझरच्या भाग्यदेवतेची. एका यहुदी बाईला ती घ्यावी लागली, हे मला त्या कागदातलं सर्वांत जड वाक्य वाटतं. तिला लिहिता येत नव्हतं. तिच्यासाठी तिचा नवरा यहूदा यानं सही केली, कारण कायद्यानं बाईला पुरुष पालक लागत असे. कागद स्वीकारला तो घोडदळाचा अधिकारी प्रिस्कस यानं. सुभेदाराकडे महसुलाचे कारकून नव्हते, म्हणून फौजी अधिकारी नोंदी घ्यायला बसत. अर्ज सभागृहात लावला गेला आणि त्याची साक्षीदारांनी तपासलेली नक्कल बाबथानं सोबत नेली.

ती नक्कल तिनं मरेपर्यंत सांभाळली असावी. इ.स. 132 मध्ये यहूदियात बार कोखबा या पुढाऱ्याचं रोमविरुद्धचं बंड पेटलं. रोमन फौज येत असताना बाबथा मृत समुद्रालगतच्या नाहल हेवेरच्या खोऱ्यातल्या उंच कड्यावरच्या गुहेत लपली. 1961 मध्ये यिगेल यादीन या पुरातत्त्वज्ञाच्या चमूला त्या गुहेत चामड्याच्या पिशवीत तिचे पस्तीस कागद मिळाले: लग्नाचे करार, मुलाच्या पालकत्वाचे दावे, कर्जाच्या चिठ्ठ्या आणि ही गणतीची नक्कल. सुभेदार फ्लोरेन्टिनसची कबर पेत्रात डोंगर कोरून केलेली आहे, पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीचं खरं स्मारक बाबथाच्या पिशवीत होतं.

इजिप्तमध्ये हेच काम घड्याळाच्या काट्यासारखं चालायचं. तिथे घरोघरची गणती दर 14 वर्षांनी होत असे: इ.स. 33-34, 47-48, 61-62 अशी, थेट इ.स. 257-58 पर्यंत. चौदाच का? कारण इजिप्तमध्ये पुरुषाला डोईपट्टी 14 व्या वर्षी सुरू होई आणि 62 व्या वर्षापर्यंत भरावी लागे. म्हणजे प्रत्येक मुलगा करपात्र होण्याआधी एकदा तरी नोंदवहीत येणारच. मधल्या काळात जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून वही अद्ययावत ठेवायची. रोमन नागरिक आणि अलेक्झांड्रियाचे नागरिक या करातून मोकळे होते. जिल्ह्याच्या मुख्य गावातल्यांना दर कमी होता. खेड्यातल्या माणसावर पूर्ण बोजा होता.

घरमालक अर्ज लिहून किंवा लिहवून घ्यायचा आणि त्याच्या प्रती जिल्ह्याचा अधिकारी, राजकारकून, गावचा कारकून अशा वेगवेगळ्या ठिकाणी द्यायचा. घरात कोण राहतं, त्यांची नावं, बापाचं आणि आईचं नाव, वय, धंदा, आणि अंगावर कुठे व्रण असेल तर तोही. गुलाम आणि भाडेकरूसुद्धा. आलेले अर्ज एकमेकांना चिकटवून लांबलचक गुंडाळी करत आणि प्रत्येक पानाला क्रमांक देत. नोंद लपवली तर मालमत्तेचा चौथा हिस्सा जप्त. कोरड्या वाळूमुळे असे 300 हून अधिक अर्ज आजपर्यंत टिकले. प्राचीन जगातल्या साध्या घरांची इतकी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्यांवरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा की जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपासच घुटमळत होतं, आणि लग्नांपैकी साधारण सहात एक सख्ख्या भावाबहिणींत झालेलं होतं. इजिप्तमधली ही चाल ग्रीक लेखक सांगत होते, पण किती प्रमाणात ते करवसुलीच्या कागदांनीच दाखवलं.

इ.स. 104 मध्ये इजिप्तचा सुभेदार गायस विबियस मॅक्सिमस यानं काढलेला हुकूमही मिळाला आहे. घरोघरची गणती सुरू झाली आहे, तेव्हा आपला जिल्हा सोडून बाहेर राहणाऱ्या सगळ्यांनी घरी परतावं, नोंद पूर्ण करावी आणि आपली शेती सांभाळावी, असा त्याचा आशय. अलेक्झांड्रियात ज्यांची खरंच गरज आहे त्यांनी फेस्टस नावाच्या अधिकाऱ्याकडून तसा परवाना घ्यायचा. लूकच्या गोष्टीला आधार म्हणून हा कागद नेहमी दाखवला जातो. साम्य आहे, पण फरकही मोठा आहे. हा हुकूम माणसाला स्वतःच्या राहत्या घरी पाठवतो. योसेफासारखं हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या, दावीद राजाच्या, गावी नाही.

आता क्विरीनियसकडे येऊ. हा पुराणातला नाही, इतिहासातला भक्कम माणूस. लानुवियम गावचा, थोर घराण्यातला नव्हे, स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेला. इ.स.पू. 12 मध्ये कॉन्सल झाला, आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) डोंगरातल्या टोळ्या त्यानं मोडल्या आणि इ.स. 6 मध्ये सीरियाचा सुभेदार म्हणून आला. त्याच्या गणतीचा दगडी पुरावा आहे. त्याच्या हाताखालच्या एमिलियस सेकुंडस नावाच्या अधिकाऱ्याच्या स्मृतिशिलेवर कोरलंय की क्विरीनियसच्या हुकुमावरून मी अपामिया शहराची गणती केली, नागरिक भरले 1,17,000. ही शिला बरीच वर्षं बनावट समजली जात होती. मग 1880 मध्ये व्हेनिसमध्ये तिचा एक तुकडा सापडला आणि शंका मिटली.

क्विरीनियस सीरियात आला त्याच वर्षी, इ.स. 6 मध्ये, यहूदियात उलथापालथ झाली होती. तिथला हेरोद राजा इ.स.पू. 4 मध्ये मेला. त्याचा मुलगा आर्खेलाऊस इतका जुलमी निघाला की यहुदी आणि शोमरोनी या एकमेकांच्या वैऱ्यांनी मिळून ऑगस्टसकडे तक्रार नेली. ऑगस्टसनं त्याला गॉलमध्ये हद्दपार केलं, राज्य खालसा केलं आणि कोपोनियस नावाचा अधिकारी तिथे नेमला. राज्य खालसा झालं की पहिलं काम नावनिशीचं. क्विरीनियस स्वतः आला, लोकांच्या मालमत्तेची नोंद लावली आणि आर्खेलाऊसची इस्टेट विकायला काढली.

लोक खवळले. कर काही नवा नव्हता, हेरोदही भरपूर कर घ्यायचा. पण तो आपला राजा होता. आता परका अधिकारी दारात येऊन तुझी जमीन किती, पोरं किती, असं विचारत होता, आणि त्यांच्या धर्माप्रमाणे जमीन देवाची होती, माणसंही देवाचीच. शिवाय जुन्या करारात एक कथा होती. दावीद राजानं लोकांची मोजणी केली म्हणून देव कोपला आणि साथीत 70,000 माणसं मेली. माणसं मोजणं हेच मुळात धोक्याचं, अशी भावना त्यांच्या मनात खोल रुजलेली होती. मुख्य याजक योआझारनं समजूत घालून बहुतेकांना तयार केलं. पण गालीलकर यहूदा आणि सद्दोक नावाचा परूशी (परूशी हा यहुद्यांतला एक धर्मपंथ) यांनी उघड सांगितलं की ही नोंद म्हणजे सरळ गुलामी आहे आणि देवाशिवाय आपला कोणी धनी नाही.

यहुदी इतिहासकार जोसेफस या यहूदाला पुढच्या सगळ्या नाशाचं मूळ ठरवतो. तो रोमच्या आश्रयानं लिहीत होता, तेव्हा त्याचा कल उघड आहे. पण त्यानं दिलेला धागा खरोखर लांब जातो. यहूदाचे दोन मुलगे, याकोब आणि सिमोन, पुढच्या एका सुभेदारानं क्रुसावर चढवले. इ.स. 66 च्या उठावात त्याच घराण्यातला मनाहेम पुढारी होता, आणि मसादाच्या किल्ल्यावर शेवटपर्यंत लढणारा एलाझार त्याचाच नातलग. त्या उठावाच्या सुरुवातीलाच बंडखोरांनी यरुशलेमचं दफ्तर पेटवून सावकारांचे कर्जरोखे जाळले. ‘कैसराला कर द्यावा की नाही’ हा येशूला विचारलेला प्रश्नही याच नावनिशीवर बसलेल्या कराबद्दल होता. त्यामुळे तो इतका स्फोटक होता.

मग लूकच्या गोष्टीचं काय? मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचा जन्म हेरोद जिवंत असताना होतो, म्हणजे इ.स.पू. 4 च्या आधी. क्विरीनियसची गणती इ.स. 6 ची. मध्ये दहा वर्षांचं अंतर आहे. शिवाय नासरेथ गालीलात, आणि गालील तेव्हा हेरोदाच्या दुसऱ्या मुलाच्या, हेरोद अंतिपाच्या, ताब्यात. क्विरीनियसची ही गणती तिथल्या रहिवाशाला लागूच नव्हती. क्विरीनियस आधीही एकदा सुभेदार होता का, किंवा ते ग्रीक वाक्य वेगळ्या तऱ्हेनं वाचता येईल का, असे प्रयत्न श्रद्धावान अभ्यासकांनी बरेच केले. बहुतेक इतिहासकारांना ते पटलेले नाहीत. लूकनं लोकांच्या आठवणीत कोरली गेलेली मोठी घटना जन्मकथेला जोडली, असं त्यांचं मत आहे आणि मलाही तेच पटतं. त्यानं गोष्टीचा अर्थ उणावत नाही. उलट कित्येक दशकांनंतरही ‘ती नावनिशी’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येत होता, हे त्यातून कळतं.

हा राग यहूदियापुरता नव्हता. इ.स. 36 मध्ये आशिया मायनरमधल्या किएताय टोळीवर रोमन पद्धतीची गणती आणि कर लादू लागताच ते टॉरसच्या डोंगरात निघून गेले. त्यांना खाली आणायला सीरियाच्या सुभेदाराला 4,000 सैनिक पाठवावे लागले. गॉलबद्दल तर खुद्द सम्राट क्लॉडियसची साक्ष आहे. इ.स. 48 मधल्या भाषणात तो म्हणतो की माझा बाप द्रुसस याच्या वेळी गॉलच्या लोकांना गणती हा प्रकार अगदी नवा होता आणि हे काम किती अवघड असतं ते आम्हाला अनुभवानं कळतंय. हे भाषण कोरलेला कांस्यपट ल्योंमध्ये आहे.

तिसऱ्या शतकात साम्राज्य खिळखिळं झालं आणि जुनी घडी मोडली. सम्राट डायोक्लेशननं ती नव्यानं बसवली. इ.स. 297 मध्ये इजिप्तचा सुभेदार अरिस्टियस ऑप्टाटस यानं जाहीर केलं की यापुढे जमिनीच्या प्रतीनुसार आणि माणशी किती कर पडेल ते ठरवून दिलं आहे. थोड्याच वर्षांत गॅलेरियस सम्राटानं गणतीचा फास आवळला. ढेकूळ न् ढेकूळ मोजलं, वेली आणि झाडं मोजली, बापाविरुद्ध पोरांकडून वदवून घेतलं, लहानांची वयं वाढवली आणि म्हाताऱ्यांची कमी केली, असं लॅक्टँटियस लिहितो. तो ख्रिस्ती होता आणि गॅलेरियस ख्रिस्त्यांचा छळ करणारा, तेव्हा त्याच्या शब्दांना धार असणारच. पण वयाची ती लबाडी करपात्र डोकी वाढवण्यासाठीच होती, हे उल्पियनची वयोमर्यादा वाचलेल्या कुणालाही कळेल.

इटलीतल्या नागरिकांवरचा थेट कर इ.स.पू. 167 मध्ये थांबला होता. साडेचारशे वर्षं ही सवलत चालली. इ.स. 306 मध्ये गॅलेरियसनं खुद्द रोम शहराचीही डोईपट्टीसाठी नोंद करायचं ठरवलं आणि त्यासाठी माणसंही नेमली. ज्या शहरानं भूमध्य समुद्राभोवतीची सगळी माणसं वह्यांत लिहून घेतली होती, त्या शहराला स्वतःचं नाव त्या वहीत लिहिलं जाणं सोसलं नाही. 28 ऑक्टोबरला रोमचे लोक आणि तिथली राजरक्षक फौज उठली, आणि त्यांनी मॅक्सेन्टियसला आपला सम्राट म्हणून उभं केलं.